हौदाकाठचा खांब

“ते बघ आपलं घर! हिरव्या खिडक्यांचं!” फाटकवाली अर्धवट उभी राहिली.

लेकीनं शाल ओढून तिला खाली बसवलं. “आई, ते तिकीटघर आहे. आत्ताच तर तिथून निघालो आपण. बोटीनं तळ्याला वळसा घातला ना!”

“मग ते परत समोर कशाला आलं मेलं?”

तळं उंचावर आणि कालवा खाली. मध्ये दोन दरवाज्यांचा दगडी हौद. बोट हौदात शिरली की मागचा दरवाजा लावायचा, पाणी सोडायचं, बोट अलगद खाली गेली की पुढचा दरवाजा उघडायचा. हे काम तिच्या नवऱ्याचं, म्हणून तो फाटकवाला. खलाशानं फेकलेला दोर झेलून खुंटाला अडकवायचं काम तिचं. पगार त्याला, हातावरचे घट्टे दोघांना. उभा संसार त्या काठावर झाला. बोटीत मात्र ती आज पहिल्यांदा बसली होती.

मागे एकदा ती बाजारातून परतताना भलताच जिना चढली आणि परक्याच्या दाराला किल्ली लावत बसली. तेव्हापासून लेकीचा एकच धोशा, “एकटं राहणं पुरे, माझ्याकडे चल.” शेवटी फाटकवालीनंच पैज लावली. बोटीतून हौदाकाठचं जुनं घर ओळखलं, तर आताच्या घराची किल्ली तिच्याकडेच राहील. नाही ओळखलं, तर लेक म्हणेल ते.

आता कालव्याच्या बाजूला बोट वळली आणि तिला काही सुधरेना. काठावर उभं राहिलं की तळं डाव्या हाताला असायचं. इथं तर ते पाठीमागेच गेलं! आता डावं कुठलं आणि उजवं कुठलं?

“ती पांढरी भिंत... तीच.”

“तो कारखाना आहे, आई.”

“आजींना सगळीच घरं पसंत पडतायत,” मागच्या बाकावरचा एकजण म्हणाला. दोघंतिघं हसले.

“तुझंही दाखव. तिथंही येऊन राहीन,” ती फटकन म्हणाली. पण मांडीवरचे हात एकमेकांना घट्ट धरून बसले होते.

बोट हौदात शिरली. मागचा दरवाजा आपला आपणच लागला. काठावर चिटपाखरू नव्हतं. खलाशानं दोर काठावरच्या आकड्यात अडकवला. काठावर नुसतं गवत आणि दोन बाकं.

“अजून यायचंय आपलं घर,” ती म्हणाली.

बोट खाली जाऊ लागली. ओल्या भिंती दोन्हीकडून वर सरकायला लागल्या. वरून तिला नेहमी माणसांचे भांग दिसायचे. खालून हे असं दिसतं, हे तिला कुणी सांगितलंच नव्हतं.

“बुडतोय का गं आपण?”

“नाही गं.”

काठ डोळ्यांसमोर आला, तेव्हा गवतात जरा आत एक बुटका दगडी खांब दिसला. त्याला गंजलेली कडी.

“अगं, हा आपल्या ओट्याचा खांब! इथं तुला बांधायची मी.”

“मला?”

“नुकती चालायला लागलेलीस. सारखी पाण्याकडे धाव. माझे दोन्ही हात दोरात. मग चादरीची पट्टी फाडून तुझ्या कमरेला, नि दुसरं टोक त्या कडीला. असा गळा काढायचीस! बोटीतली माणसं म्हणायची, बाईनं पोरीचं वासरू केलंय.”

लेक मान वर करून बघत राहिली. काठ वर गेला, खांब दिसेनासा झाला.

“खांब इथं आहे,” फाटकवाली पुटपुटली, “मग घर कुठं गेलं?”

“पाडलंय वाटतं, आई.”

“मग मी ओळखलं, का नाही ओळखलं?”



बोट तळाला टेकल्यासारखी थांबली. खलाशानं झटका देऊन दोर आकड्यातून सोडवला. तो वरून भिरभिरत खाली येऊ लागला, आणि फाटकवाली उठली. दोन्ही हात वर, बोटं पसरलेली.

“अहो आजी, बसा! पडाल!” खलाशी ओरडला.

शाल पाठीवरून घसरली होती. लेकीनं तिची दोन्ही टोकं आईच्या कमरेभोवतून मागे घेतली आणि मुठीला वेढे देऊन घट्ट धरली.

“राहू दे उभी,” ती म्हणाली. “मी धरलंय.”