खाटेखाली मावंल अशी पेटी

शिवकन्याबाईंनी एस्टीच्या टपावरून पेटी उतरवून घेतली, डोक्यावर धरली आणि चाकूरच्या स्टँडापासून चालत येऊन ताहेरचाचांच्या दुकानापुढं आदळली. आवाज असा झाला की शेजारच्या हॉटेलातला माणूस हातातली बशी घेऊन बाहेर आला.

"ही घ्या तुमची पेटी वापस!"

चाचा पत्रा कापत होते. कातर थांबली नाही. "फुटली का?"

"फुटंल कशाला? म्हैस बसली तरी न्हाई फुटायची."

"मंग?"

"मंग काय? माझी सृष्टी लातूरला हॉस्टेलात हाय, क्लाससाठी. एका खोलीत चार पोरी. तुमची पेटी खाटंखाली जाईना. मधोमध ठेवलीय, चौरंगावानी. येता-जाता पोरींच्या नडग्या फुटून राहिल्यात. वार्डनबाई म्हनली, एक तर पेटी ठेवा न्हाईतर पोरगी ठेवा."

हॉटेलवाला हसला. चाचा हसले नाहीत. "खाटंखाली चार इटा लावा म्हनावं."

"खाट काय माझ्या बापाची हाय?"

आत पेट्यांना रंग देत बसलेली सुलतानबी ब्रश डब्यात ठेवून बाहेर आली. चाचांची ती एकुलती एक लेक. चाकूरच्या वाचनालयातली बहुतेक पुस्तकं तिनं वाचली होती, आणि पत्र्याचे जोड रिबेट मारून पक्के करण्यात बापाच्या बरोबरीची होती. जून लागला की गावंच्या गावं लातूरला पोरं घालायला निघतात, हे ती रोज दुकानात बसून बघत होती. गादी, बादली, पेटी. लोक दुकानापुढनं जात आणि पेटी लातुरात जाऊन घेत. चाचांच्या पेट्या उंच, जाड पत्र्याच्या, झाकणावर मोर काढलेल्या. नवरीबरोबर पाठवायच्या. त्या तशाच धूळ खात उभ्या होत्या.

"मावशी, खाट जमिनीपासून किती उंच हाय?" तिनं विचारलं.

"मी काय मोजून आलेय? इतकी आसंल." शिवकन्याबाईंनी हात गुडघ्याच्या खाली धरला.

"तिला नको इचारू," चाचा म्हणाले. "गिऱ्हाईकाला इचारून काम केलं तर पापडावानी पातळ पत्र्याची पेटी करावी लागंल. गिऱ्हाईकाला काय कळतंय?"

"पेटी त्यांना वापरायचीय, अब्बा."

"पुस्तकात ठोकायला शिकवतेत का पेटी?"

मग त्यांनी कातर खाली ठेवली, आणि सुलतानबीला कळलं की आता ते काय करणार. दाराशी एक जुनी पेटी होती. झाकण खोल चेपलेलं, रंग उडालेला. येईल त्या गिऱ्हाईकाला चाचा ती दाखवत.

"हे बघा बाई. आमचं गाव औशाकडचं. भूकंपात आख्खं माळवद आलं हिच्यावर. तुळई हिच्यावर पडली. आन् हिच्या आड ही माझी लेक..."

"अब्बा!"

सुलतानबी तेव्हा चार वर्षांची होती. तिची आई त्या घरातून जिवंत निघाली नाही. गाव सोडून चाचा चाकूरला आले ते ही पोर आणि ही पेटी घेऊन.

चाचांनी झाकणावर बोटांच्या पेरांनी टकटक केलं. "मजबूत हाय का न्हाई? तूच सांग."

हे ते तिला नेहमी विचारत, गिऱ्हाईकांदेखत. तिनं आजवर कधी उत्तर दिलं नव्हतं. आज दिलं, पण वेगळंच.

"मी दुकानातला माल न्हाई, अब्बा. लोकांना पेटी कपडे ठेवायला पायजे, माळवद तोलायला न्हाई. तुम्ही गिऱ्हाईकासाठी पेटी करतच न्हाई. तुमच्या मनातल्या भ्यासाठी करता."

हॉटेलवाला बशी घेऊन आत गेला.

"तुमच्या घरचं तुम्ही बघा," शिवकन्याबाई म्हणाल्या. "माझ्या पेटीचं काय ते बोला."

"वापस घेत न्हाई," चाचा म्हणाले. "जावा."

बाईंनी पेटी तिथंच सोडली आणि शिव्या घालत स्टँडाकडं गेल्या.

दुपारी चाचांनी अंगात शर्ट अडकवला. "लातूरला जाऊन येतो. पत्रा बघायचाय." सुलतानबीनं मान वर केली नाही. दिवेलागणीला ते परतले तेव्हा हात मोकळे होते. पत्रा कुठाय, हे तिच्या ओठांवर आलं, पण अबोला तिनं धरला होता, तिनंच का सोडावा? जेवताना त्यांनी मीठ मागितलं. तिनं दिलं. पहाटे फजरच्या अजानीला ते उठले नाहीत.

मय्यताला न्हाऊ घालणाऱ्यांनी अंगावरचे कपडे तिच्या हाती दिले. शर्टाच्या खिशात सुतळी होती. चाचांनी उभ्या जन्मात टेप वापरला नाही. दर मापाच्या पेटीची एक सुतळी, लांबीची एक गाठ, उंचीची एक. पण या सुतळीच्या गाठी त्यांच्या कुठल्याच पेटीला लागेनात. तिनं ती दुकानातल्या खिळ्याला अडकवून ठेवली.

चाळिसावा दिवस झाला आणि मुज्तबाचाचा, ताहेरचाचांचे धाकटे भाऊ, दुकानात येऊन बसले.

"दुकान मला दे. मोबाईलचं टाकतो. पोरांना रिचार्ज पायजे, पेटी न्हाई. आन् बाईमाणसानं हातोडा चालवलेला कुनी बघितलाय?"

"तुम्ही बघितलाय. लहानपणापास्नं."

"तुझ्या बापाचा माल कुनी घेईना, तुझा घेतंय व्हय?"

तिला बोलायची सवड मिळाली नाही. दारात शिवकन्याबाई उभ्या होत्या, पदर खोचलेला.

"कुठाय गं तुझा बाप? समोर आन त्याला!"

"मावशी, ऐका..."

"न्हाई ऐकत! त्या दिशी मी लातूरला पोचते ना पोचते तोच हा हॉस्टेलच्या दारात येऊन बसलेला. पोरींच्या हॉस्टेलात म्हातारा मानूस! वार्डनबाईनं नको नको ते बोलून घेतलं, शिपायानं दंडाला धरून उठवलं. तरी जाईना. म्हने, मला आत येऊ नका देऊ, मला खाट बघू द्या. शेवटी सृष्टीनं खाट ओढून व्हरांड्यात आनली. हा तिच्याखाली पालथा पडून सुतळी लावून राहिला. मंग चारी पोरींना बसवून इचारलं. कपडे किती, पुस्तकं किती, कडी कुठं पायजे. पोरी म्हनल्या, आखूड बाजूला पायजे, म्हंजी ओढता येती. हाव म्हनला. करून देतो म्हनला. आन् माझी पोरगी अजून पिशवीत कपडे कोंबून राहिलीय! कुठं तोंड लपवून बसलाय?"

"गेले ते, मावशी. दुसऱ्याच पहाटे."

शिवकन्याबाई पायरीवर बसल्या. खोचलेला पदर त्यांनी सोडला.

"मला कुनी सांगितलं न्हाई गं," त्या म्हणाल्या.

सुलतानबीनं खिळ्यावरची सुतळी काढली. पत्रा अंथरला, सुतळी लावली, गाठीशी खिळ्यानं ओरखडा काढला.

"पातळ पत्रा घे की," मुज्तबाचाचा म्हणाले. "आता बुटकीच करायलीस तर जाड कशाला?"

तिनं जाडच घेतला. उन्हं कलेपर्यंत कातर आणि हातोडा चालू होता. शिवकन्याबाईंची बस गेली, तिच्यामागची पण गेली. त्या उठल्या नाहीत. पेटी तयार झाली. बुटकी, लांबट, आखूड बाजूला कडी. झाकणावर मोर नाही.

बाईंनी कडी धरून पेटी ओढून बघितली. "जाती बघ आता खाटंखाली." मग त्यांची नजर दाराशी गेली. "आन् ही चेपलेली कशाला ठिवलीस इथं? गिऱ्हाईक बिचकंल."

चाचा असते तर सांगायला लागले असते. मुज्तबाचाचा तोंड उघडणार, तेवढ्यात सुलतानबीच बोलली.

"भूकंपात मी हिच्या आड होते, मावशी. मी अलीकडं. अम्मी पलीकडं."

शिवकन्याबाईंनी तोंडावर हात धरला.

सुलतानबीनं खाली वाकून त्या चेपलेल्या झाकणावर बोटांच्या पेरांनी टकटक केलं, बाप करायचा तसं.

"मजबूत हाय, अब्बा," ती मोठ्यानं म्हणाली. "लई मजबूत हाय."