गेटच्या पत्त्यावरील आरोप

पनवेल-उरण मार्गावरील एका गोदामात मी नेटवर्कचे काम पाहतो. माझे शालेय शिक्षण नववीपर्यंतच झाले. उर्वरित विद्या मी शिडीवर चढून आणि तारा ओढून संपादन केली. आमच्या राउटरमधून होणाऱ्या प्रत्येक देवाणघेवाणीची नोंद राउटर स्वतः पाठवतो. नेटवर्कवरील कोणत्या पत्त्यावरून, कोणत्या पत्त्याकडे, केव्हा आणि किती डेटा गेला, एवढेच त्यात असते. या नोंदीस फ्लो म्हणतात. आतील मजकूर तीत कधीच नसतो.

गेल्या मंगळवारी व्यवस्थापक सत्यजीत साहेबांनी मला पाचारण केले. इंटरनेट इतके मंदावले होते की कंटेनरची कागदपत्रे पुढे सरकत नव्हती. या नोंदींच्या आलेखात एकच पत्ता निम्मी लाइन गिळताना दिसत होता. तो गेटवरील चौकीचा पत्ता होता. चौकीत बसून गाड्यांची नोंद मनिषा करते.

"दिवसभर सिरियल बघते ही," साहेब म्हणाले. "रिपोर्ट प्रिंट कर आणि खाली सही कर. आजच काढतो हिला."

मनिषा दारातच उभी होती. "आवो साहेब, माज्या कॉम्प्युटरला आवाजच नाय! मुकी सिरियल बघू काय?"

"तू गप्प बस!"

मी म्हणालो, "साहेब, हा पत्ता मनिषाचा नाही. चौकीत छोटा राउटर आहे. त्यामागे तिचा संगणक आहे, तसे सहा कॅमेरेही आहेत. बाहेर पडताना सर्वांवर चौकीचाच पत्ता लागतो. आमच्या पाड्याची सगळी पत्रे महादेव वाण्याच्या दुकानी येत. म्हणून ती सगळी वाण्याची होती काय?"

"नववीवाल्या, मला नेटवर्क शिकवतोस?"

"शिकवत नाही. रविवार दाखवतो."

मी रविवारची नोंद पडद्यावर उघडली. रविवारी मनिषाला सुटी असते आणि तिचा संगणक बंद असतो. तथापि त्या दिवशीही तोच पत्ता तितकीच लाइन व्यापत होता. शिवाय सिरियल पाहणाऱ्याकडे डेटा आत येतो. हा अखंड बाहेर जात होता. साहेबांनी गेल्या महिन्यात बसवून घेतलेले कॅमेरे आपले चित्रण इंटरनेटवरून बाहेर साठवणुकीस पाठवीत असणार.

साहेबांचा चेहरा उतरला. मग ते हळूच म्हणाले, "हेड ऑफिसला काय सांगू, माझी चूक झाली? गुपचूप सही कर. नाहीतर तुझंही बघतो."

"बघा," मी म्हणालो.

मी रिपोर्ट छापला. त्याखाली स्वहस्ते लिहिले: 'सदर पत्ता चौकीचा असून कोणा व्यक्तीचा नाही. सदर डेटा कॅमेऱ्यांचा असण्याचा संभव आहे. रविवारची नोंद सोबत जोडली आहे.' मग पूर्ण नावाने सही केली, काशिराम गणू भोईर. एक प्रत साहेबांपुढे ठेवली, दुसरी मनिषाच्या हाती दिली आणि तिसरी त्यांच्यासमोरच हेड ऑफिसला पाठविली.

"काशिदादा, तुमची नोकरी जायची आता," मनिषा पुटपुटली.

"जाऊ दे. खोटी सही माझ्या हातून होणार नाही."

गेटवर ट्रकचा हॉर्न वाजला. मनिषा वळली.

"कुठे चाललीस? मी तुला जायला सांगितलंय?" साहेब ओरडले.

"गाडी आलीय, साहेब," ती म्हणाली. "नोंद कोण करल, तुमी?"

कागद घट्ट धरून ती ताठ मानेने गेटकडे चालू लागली.