अठ्ठेचाळिसावं पान

जानरावांच्या पत्नी मनकर्णाबाई पोळ्याच्या आठ दिवस आधी वारल्या आणि दिवाळी उलटल्यावर पुण्याहून त्यांच्या मुलीनं, वैभवीनं, कुरिअरनं एक पुस्तक पाठवलं. मोठ्या माणसांनी रंगवायचं पुस्तक. आत नुसती चित्रं, तीही बिनरंगाची, आणि सोबत चोवीस पेन्सिलींचा डबा. अडुसष्ट वर्षांच्या माणसाला असलं काही येतं यावर जऊळक्यात कोणाचा विश्वास बसेना, म्हणून पाकीट फोडताना सहा जण हजर होते.

जानरावांनी मुलीला फोन लावला.

"हे काय पाठवलं गे?"

"बाबा, इथे सगळे रंगवतात. आमचे साहेबसुद्धा जेवणाच्या सुट्टीत रंगवतात. मन शांत राहतं. रोज एक पान, जास्त नाही."

"जेवनाच्या आधी का जेवल्यावर?"

वैभवीला वाटलं, बाबा कितीतरी दिवसांनी गंमत करताहेत. ती हसत म्हणाली, "जेवल्यावर."

जानराव गंमत करत नव्हते. त्या दिवसापासून ते दुपारी जेवले की हात धुवायचे, बाजूला पाण्याचा पेला ठेवायचे आणि एक पान रंगवायचे. एकदा कारंजाला लग्नाला गेले आणि पान चुकलं. मग दुसऱ्या दिवशी दोन रंगवावीत का, हे विचारायला ते हेमसिंगकडे गेले. हेमसिंग स्टेशनजवळच्या दवाखान्यात कंपाउंडर. डॉक्टर आठवड्यातून दोनदा यायचे, म्हणून बाकीचे पाच दिवस गाव हेमसिंगच्या हातात असायचं.

हेमसिंगनं विचार केला. "चुकलेला डोस डबल नाई घ्याचा, जानरावभाऊ. पुढचा चालू ठेवा."

गुण दिसत होता, हे खरं. बायको गेल्यापासून जानरावांनी दाढी केली नव्हती, ती केली. भाकरी अर्धीवरून दीडवर आली. हे पाहून हेमसिंगनं तसलीच दहा पुस्तकं मोबाइलवरून मागवली, ती संपली तेव्हा आणखी तीस. कोणाला काय लागू पडेल तेही तो सांगू लागला. बीपीवाल्यानं निळा जास्त वापरावा. पित्त असलेल्यानं लाल टाळावा, निदान रिकाम्या पोटी तरी. वातावर पिवळा, पण सांभाळून.

महिनाभरात गावात पेन्सिलीला टोक करण्याशिवाय दुसरा आवाज उरला नाही. हॉटेलवाल्यानं पाटी लावली की चहा घेतल्याशिवाय बाकावर रंगवत बसू नये. वाशीमची एसटी येऊन उभी राहायची, कंडक्टर बेल मारायचा, आणि थांब्यावरचे पाच जण मान खाली घालून म्हणायचे, "जाऊ द्या, मोराचा पिसारा बाकी हाये."

सगळ्यात नवल दौलतसिंगचं. या माणसानं जन्मभर शेजाऱ्याचा धुरा, म्हणजे बांध, कोरला. दर वर्षी वखर वीतभर पलीकडे न्यायचा, अशा विता जमवून त्यानं अर्धा एकर वाढवला होता. तो पुस्तकातल्या रेषेबाहेर रंगाचा कणही जाऊ देत नव्हता. त्याच्या शेजाऱ्यानं एकदा ते पान हातात घेऊन बराच वेळ पाहिलं. मग म्हणाला, "म्हनजे तुले येते बे. आतापर्यंत तू मुद्दाम करत होता."

अशात जानरावांचं पुस्तक संपत आलं. सत्तेचाळीस पानं झाली. अठ्ठेचाळिसावं शेवटचं.

त्यात एक बाई होती. डोक्यावर टोपलं, काष्टा घातलेला, धुऱ्याच्या वाटेनं शेतावर निघालेली, पाठमोरी. जानरावांना ती पाठ ओळखीची वाटली. चव्वेचाळीस वर्षं त्यांनी मनकर्णाबाईंना शेताच्या वाटेवर मागूनच पाहिलं होतं. त्या पुढे चालायच्या. "तुमच्या चालीनं गेलं तर जेवन शेतात नाई, वाटेतच खा लागन," असं मागं न पाहता म्हणायच्या.

जानरावांनी आभाळ रंगवलं, धुरा रंगवला, टोपलं रंगवलं. मग लुगड्यासाठी डब्याकडे हात नेला आणि हात तिथंच राहिला.

निंदायला, तण काढायला, जायचं एक लुगडं होतं. सहा-सात वर्षं तेच. सकाळी तेच, संध्याकाळी तेच. कोणत्या रंगाचं?

लग्नातला शालू आठवत होता. शेवटचं हिरवं लुगडं तर अख्ख्या गावानं पाहिलं होतं, नवऱ्याच्या आधी गेलेल्या बाईला नेसवतात ते. पण रोजचं काही केल्या दिसेना. काष्टा दिसत होता, पायातली जोडवी दिसत होती, टाचेची भेग दिसत होती. मधल्या जागी पुस्तकात होता तसा पांढरा कागद. जानराव घाबरले. सहा महिने झाले नाहीत आणि लुगडं गेलं. असंच एकेक जात राहिलं तर वर्षश्राद्धाला कोणाला हाक मारायची?

त्यांनी वैभवीला फोन केला. तिच्याकडे आईचे शेकडो फोटो होते, सगळे लग्नाकार्यातले. ती म्हणाली, "बाबा, कोणताही रंग द्या ना. छानच दिसेल." जानरावांनी फोन ठेवून दिला.

दुसऱ्या दिवशी हेमसिंगनं ते पान पाहिलं आणि त्याचा चेहरा उतरला.

"डोस अर्धा राह्यला, भाऊ. कोर्स मधात सोडला का दुखनं उलटते. मंग दवाई लागत नाई."

"लुगड्याचा रंग सांग, आत्ता पूर्न करतो."

"निळं. मी सुई दिली होती वहिनीले. बाही निळी होती."

"बाही झंपराची असते, बावा."

गोष्ट गावभर झाली. दौलतसिंग म्हणाला चॉकलेटी, कारण तो धुरा कोरत असताना वहिनी त्याच्या अंगावर धावून आल्या होत्या आणि त्याला तेवढा चॉकलेटी रंग येताना दिसला होता. सरपंच योगिनी म्हणाली हिरवंच. रामीबाई तांड्यावरची, मनकर्णाबाईंच्या बाजूची पात धरून वीस वर्षं निंदलेली. सगळे तिच्याकडे गेले. ती म्हणाली, "मी बाजूले बसत होती, पाटील. बाजूनं बाई दिसते. लुगडं दुरून पाहनाऱ्याले दिसते."

मग तिलाच आठवलं की लुगडं अजून आहे. रानडुकरं आणि रोही, म्हणजे नीलगाई, शेतात शिरू नयेत म्हणून लोक जुन्या साड्या बांधून कुंपण करतात. जानरावांनीच ते लुगडं तेरवीनंतर शेताला बांधलं होतं. घरात पाहवत नव्हतं म्हणून.

पंचवीस-तीस माणसं शेतावर गेली. कुंपणाला सहा घरांच्या साड्या होत्या आणि ऊन-पावसानं सगळ्या एकाच रंगाच्या झाल्या होत्या, म्हणजे कोणत्याच नाही. रामीबाईनं ठिगळावरून मनकर्णाबाईंचं लुगडं ओळखलं.

"गाठ सोडा," योगिनी म्हणाली. "गाठीच्या अंदर ऊन नाई पोचत, मामाजी."

जानरावांनी दातांनी गाठ सोडली. आत रंग होता. पण ती गाठ हेमसिंगच्या बायकोच्या साडीशी मारलेली होती आणि परतीच्या पावसात दोन्हींचा रंग एकमेकींत उतरला होता. माणसं वाकून पाहू लागली.

"निळं," हेमसिंग म्हणाला.

"ते तुह्या बायकोचं," दौलतसिंग म्हणाला.

"मंग माह्या बायकोचं चॉकलेटी नोतं का?"

हा प्रश्न शेतात सुटला नाही, तो हेमसिंगच्या घरी दोन दिवस चालला.

शेवटी योगिनीनं विषय ग्रामसभेत घेतला. नळाच्या पाइपानंतर, ऐनवेळच्या विषयांत. "कोर्स अर्धवट ठेवून मानसाले काई झालं तर नाव गावाचं जाईल," ती म्हणाली. हात वर करायला सांगितले. हिरव्याला एकसष्ट, निळ्याला बावीस, चॉकलेटीला नऊ. एकानं विजेच्या जळालेल्या डीपीसाठी हात वर केला, तो मोजला नाही. ग्रामसेवकानं वहीत लिहिलं की श्री. जानराव यांनी चित्रातील बाईस हिरवा रंग द्यावा, असे बहुमताने ठरले.

जानराव घरी आले. जेवले, हात धुतले, पेला भरून ठेवला. हिरवी पेन्सिल घेतली आणि काठापर्यंत नीट रंगवलं. मग पान दूर धरून पाहिलं.

"हे नोय," ते म्हणाले.

मोठ्यानं म्हणाले. घरात कोणी नव्हतं. आणि मग ते दचकले, कारण त्यात जराही शंका नव्हती. दारात पाऊल वाजावं आणि न पाहता कळावं की हे आपल्या माणसाचं नाही, तसं ते कळलं होतं.

ते तसेच उठून दवाखान्यात गेले. हेमसिंगचं स्वतःचं पुस्तक एकतिसाव्या पानावर होतं, अठ्ठेचाळिसावं कोरं होतं. जानरावांनी ते मागितलं आणि स्टेशनसमोर झेरॉक्सवाल्याकडून पन्नास प्रती काढून आणल्या.

दुसऱ्या दिवशी जेवल्यावर निळा लावला. निळं नव्हतं. तिसऱ्या दिवशी चॉकलेटी. तेही नव्हतं, पण हिरव्याइतकं लांबचं नव्हतं, असं त्यांना वाटलं. झालेली पानं ते घरातल्या कपड्यांच्या वळणीवर चिमटे लावून टांगू लागले. एका रांगेत बायका शेताला निघालेल्या, एकही मनकर्णाबाई नाही.

हेमसिंग येऊन वळणीखाली उभा राहिला. "भाऊ, ग्रामसभेनं ठरवलं होतं ना?"

"ठरवलं होतं. ते चुकलं."

"तुमाले रंग माईत नाई, मंग चुकलं हे कायच्यावरून?"

"मीबी तेच म्हनतो," जानराव म्हणाले. "मले माईत नाई, तर अंदरून नोय नोय म्हनते कोन?"

हेमसिंगनं तिथल्या तिथं कोर्स वाढवून दिला.

रविवारी वैभवीचा फोन आला. "बाबा, आठवला का रंग?"

"नाई." जानरावांचा आवाज बरा होता. तोंडात घास होता. "आज जांभळा हाये. जांभळं ती नेसतच नव्हती, मले पक्कं माईत हाये. तरी लावून पाह्यतो."

"आणि चोवीस पेन्सिली संपल्यावर?"

"मंग दोन-दोन मिसळाच्या," जानराव म्हणाले. "ठेव आता. माह्यं जेवन होत आलं."

त्यांनी ताट सारलं आणि हात धुवायला उठले.