जहाजासाठी एक क्वार्टर

कांगासने दार ओढून घेतलं, चावी फिरवली, चावीची दोरी पुन्हा गळ्यात घातली, आणि वळल्यावर त्याच्या लक्षात आलं की फळ्यासमोर कोणीच नाही.

कोचची खुर्ची रिकामी होती. ड्युलुथ आइसब्रेकर्स या अमेरिकन फुटबॉल संघाचे झाडून सगळे खेळाडू आधी त्या खुर्चीकडे, मग भिंतीवरच्या घड्याळाकडे आणि मग कांगासच्या गळ्याकडे बघत राहिले.

तेवढ्यात दारावर थाप पडली.

"कोण आहे?" मागच्या रांगेतून कोणीतरी अगदी निरागसपणे विचारलं.

"कोण आहे म्हणजे? मी आहे!"

"मी कोण?"

"अरे गाढवांनो, स्टुबी! हॅरलन स्टुबी! तुमचा कोच!"

"आमचे कोच वेळेच्या आधी येतात," मागचा आवाज म्हणाला. "तुम्ही दुसरे कोणी असाल."

कांगास जागचा हलला नाही. नियम दारावरच चिकटवलेला होता. शनिवारची सभा नऊची, पण स्टुबीच्या राज्यात नऊ म्हणजे आठ पन्नास. दार लागताना जो बाहेर असेल, तो रविवारच्या सामन्याचा पहिला क्वार्टर, म्हणजे पहिला पाव सामना, बाकावर काढेल. कारण विचारलं जाणार नाही, सांगितलं तर ऐकलं जाणार नाही. हा कागद कोचने स्वतः जाड पेनाने लिहून दाराच्या दोन्ही बाजूंना लावला होता. बाहेरच्या बाजूला अशासाठी, की अडकलेल्या माणसाला वाचायला काहीतरी असावं.

थापा थांबल्या. कोच वाचत असावा.

सभेची जागा म्हणजे धान्याचं जुनं गोदाम. त्याचं दार थेट सरोवराच्या वाऱ्यावर उघडायचं, आणि जानेवारीत त्या वाऱ्यात उभं राहणं हीच मुळात अर्धी शिक्षा होती. चावी कांगासकडे असायची, कारण तो संघातला सर्वांत वयस्क. त्याचं काम सांगायला सोपं आणि मिरवायला अवघड होतं. किक मारायची वेळ आली की वाकायचं आणि दोन पायांमधून चेंडू मागे फेकायचा. अकरा वर्षं तो एवढंच करत आला होता. जगाकडे नेहमी उलटं डोकं करून बघत असल्यामुळे त्याला कोणाचीच बाजू धड दिसत नाही, तेव्हा याच्याइतका निःपक्ष माणूस मिळायचा नाही, असं ठरवून पोरांनी त्याला संघाचा न्यायाधीशही केलं होतं. दुसऱ्याचे मोजे घालणं, विमानात गाणं म्हणणं, बटाट्याचं सॅलड एकट्याने संपवणं, असले खटले तो चालवायचा. अंगात आंघोळीनंतर घालायचा जांभळा झगा, हातात स्वयंपाकघरातला मांस ठोकायचा हातोडा.

त्याचा करार या मोसमाबरोबर संपत होता. मंगळवारीच कोचने नेब्रास्काहून एक तरुण पोरगा बोलावून त्याच्याकडून मागे चेंडू फेकून घेतले होते. पोराचे पाय फार छान आहेत, असं कोच सगळ्यांसमोर म्हणाला होता. कांगासच्या पायांबद्दल अकरा वर्षांत कोणी चकार शब्द काढला नव्हता.

"कांगास!" दाराबाहेरून आवाज आला. "उघड. गंमत झाली, पुरे."

कांगासचा हात गळ्यातल्या दोरीकडे गेला. आणि तिथेच थांबला, कारण दुसऱ्या रांगेत डॅरियस पेटवे उठून उभा राहिला होता.

तीन आठवड्यांपूर्वी याच दारावर पेटवेची थाप पडली होती. दोनदा, हळू. मग काहीच नाही. कांगासने तेव्हा दार उघडलं नव्हतं. पेटवे पुलात सापडला होता. शहर आणि वाळूची पट्टी यांच्यामधला तो लोखंडी पूल जहाज आलं की सबंधच्या सबंध वर उचलला जातो, आणि मग दोन्हीकडच्या गाड्या इंजिनं बंद करून बसतात. ड्युलुथमध्ये "पुलात सापडलो" म्हटलं की पाद्री, दाताचा डॉक्टर, बायको, कोणीही पुढे एक अक्षर विचारत नाही. पण स्टुबी टेक्ससचा. "माझ्या डावात जहाज नाही," एवढंच तो म्हणाला होता. त्या रविवारी पेटवेचे वडील पहिल्यांदाच पोराचा खेळ बघायला अलाबामाहून आले होते, आणि संघाचा सर्वांत वेगवान झेलकरी सबंध पहिला क्वार्टर घोट्यापर्यंत पोचणारा कोट घालून बाकावर बसला होता. सामन्यानंतर म्हातारा पोराला म्हणाला, "कोट छान होता."

"महाराज," पेटवे म्हणाला, "न्यायालय भरवा."

कोणीतरी झगा आणला. कांगासने तो हिवाळी जॅकेटावरून चढवला आणि हातोडा टेबलावर आपटला.

"आरोपी हजर आहे का?"

"आरोपी?" दार ओरडलं. "अरे, माझ्या मिशा गोठल्या!"

"आरोपी मिशांसह हजर आहे," मागचा आवाज म्हणाला.

"उशीर का झाला?" कांगासने विचारलं. नियमात हा प्रश्न नव्हता. पण त्याला खरोखरच उत्सुकता होती.

दार अगदी खालच्या आवाजात म्हणालं, "पूल वर होता."

हशा पिकायला हवा होता. पिकला नाही. सगळ्यांनी पेटवेकडे पाहिलं. पेटवेने घसा साफ केला आणि अतिशय अदबीने म्हणाला, "माझ्या डावात जहाज नाही, कोच."

आता मात्र छप्पर हललं. गोदामाच्या आढ्यावरची कबुतरं उडाली. हातोडा तीनदा आपटावा लागला.

"कांगास, ऐक," हशा ओसरल्यावर कोच म्हणाला. "उद्या जिंकलो तर पुढची फेरी, हरलो तर सगळे घरी. हे माहीत आहे ना?"

"माहीत आहे, कोच."

"आणि तुझा करार कोण ठरवतं, तेही माहीत आहे?"

कांगास हातोड्याच्या दांड्यावर अंगठा घासत राहिला. बाहेरून बुटांनी बर्फ तुडवल्याचा आवाज आला. एकदा पलीकडे, एकदा अलीकडे.

"हे शेवटचं मी बोललो नाही असं समज," दार म्हणालं.

"नोंद घेतली नाही," कांगास म्हणाला. "निकाल देतो. पहिला क्वार्टर बाकावर. कोट घालून. तोंड बंद. उठायचं नाही, हातवारे नाहीत. कोको चालेल."

"मग डाव कोण सांगणार?"

पहिल्या रांगेतून साहाय्यक कोच ओडेट ब्रूसार उभ्या राहिल्या. "मी सांगेन," त्या म्हणाल्या. "तीन वर्षं इथेच बसलेय. कोणी विचारलं नाही, म्हणून बोलले नाही."

हातोडा पडला. मगच कांगासने दार उघडलं. कोच आत आला, कोणाकडे न बघता फळ्यापाशी गेला आणि खडू उचलला. त्याला तो बोटांत धरता येईना. पेटवेने आपला कॉफीचा पेला त्याच्या हातांत दिला. नियमात तसं काही लिहिलेलं नव्हतं.

रविवारी टोलेडोच्या संघाविरुद्ध सामना सुरू झाला तेव्हा टीव्हीवाल्यांचे कॅमेरे मैदान सोडून बाकावर लागले. हॅरलन स्टुबी त्या लांब कोटात, कोटाचं टोपडं डोक्यावर घेऊन, दोन्ही हातांत कोकोचा पेला धरून बसला होता. एक समालोचक म्हणाला, हृदयविकार. दुसरा म्हणाला, घटस्फोट. माणूस उशिरा आला होता एवढंच, हे कोणाला सुचलं नाही.

ब्रूसार बाई ओरडत नसत. आइसब्रेकर्सना आयुष्यात पहिल्यांदा मैदानावर आपलाच श्वास ऐकू येत होता. टोलेडोवाले आधी गोंधळले, मग घाबरले. इतकी शांतता म्हणजे नक्की काहीतरी कट आहे, असं त्यांना वाटलं, आणि ते तो कट शोधत इकडेतिकडे बघत असताना पेटवे त्यांच्या मधून चेंडू घेऊन थेट शेवटच्या रेषेपलीकडे निघून गेला. पहिला टचडाउन. सहा मिनिटांत दुसरा. टचडाउननंतरच्या किकसाठी कांगासने दोन्ही वेळा वाकून पायांमधून चेंडू मागे फेकला, आणि दोन्ही वेळा चेंडू पाळण्यातल्या बाळासारखा अलगद हातांत पोचला.

मग पंचांनी चूक केली. साधी नव्हे, ढळढळीत. टोलेडोच्या माणसाने आइसब्रेकर्सच्या माणसाची जर्सी धरून त्याला गोलगोल फिरवलं, आणि पंचांनी दंडाचं पिवळं फडकं टाकलं ते आइसब्रेकर्सच्याच माणसावर. सगळं मैदान बोंबललं. बाकावर स्टुबी अर्धा उठला. त्याचं तोंड उघडलं. पंचवीस वर्षांचा अनुभव, सगळ्या ठेवणीतल्या शिव्या, सगळं ओठांपर्यंत आलेलं दिसत होतं. त्याने कांगासकडे पाहिलं. कांगासने त्याच्याकडे पाहिलं.

कोच खाली बसला आणि स्वतःचा हातमोजा स्वतःच्याच तोंडावर दाबून धरला. डोळ्यांतून पाणी आलं, पण आवाज आला नाही.

ते पाहिलं मात्र, आइसब्रेकर्सच्या अंगात काय संचारलं कोणास ठाऊक. पुढच्याच डावात त्यांनी टोलेडोकडून चेंडू हिसकावला आणि तिसरा टचडाउन केला. प्रेक्षक बाकांवर उभे राहून नाचत होते. थंडीने गोठलेले लोक इतके मोकळे झाले की अनोळखी माणसं एकमेकांना सॉसेज भरवू लागली.

क्वार्टर संपल्याचा भोंगा वाजला. कांगास बाकापाशी गेला.

"कोच, शिक्षा संपली. उठा."

स्टुबी त्याच्याकडे बघत नव्हता. बाकामागच्या कठड्याला टेकून एक उंच, काळा म्हातारा उभा होता. त्याने आधी कोचला नखशिखांत न्याहाळलं.

"कोट छान आहे," पेटवेचे वडील म्हणाले.

"उबदार आहे," कोच म्हणाला. आणि थोड्या वेळाने, "पुन्हा एवढ्या लांबून आलात."

"मागच्या खेपेला कोटच बघून गेलो होतो."

कोचने कोकोच्या पेल्यात पाहिलं. पेला रिकामा होता.

"कोच," कांगास पुन्हा म्हणाला, "चला."

"आणखी एक बसतो."

"नियम एका क्वार्टरचा आहे."

"तो दारासाठी झाला," स्टुबी म्हणाला. "हा पोराच्या जहाजासाठी."

शेजारी पेटवे पाणी पीत होता. बाटली तोंडाला तशीच राहिली आणि पाणी हनुवटीवरून खाली गेलं. त्याने शिरस्त्राण चढवलं, मैदानात गेला आणि पुढचा चेंडू एका हाताने झेलला. दुसरा हात त्याने उगाचच कोटाच्या खिशात घातल्यासारखा कमरेशी धरला होता. कठड्यावर म्हातारा पहिल्यांदा हसला.

टोलेडो किती गुणांनी हरलं, ते टोलेडोत अजून कोणी मोठ्याने सांगत नाही.

पोरांनी ब्रूसार बाईंना खांद्यावर घेतलं. स्टुबी त्या गर्दीतून वाट काढत कांगासपाशी आला. टोपडं अजून डोक्यावरच होतं.

"नेब्रास्काच्या पोराला सांगितलंय, परत यायची गरज नाही," तो म्हणाला.

"त्याचे पाय छान होते, कोच."

"छानच होते. पण तो माझ्यावर दार लावेल, असं वाटत नाही." स्टुबीने कोटाची चेन गळ्यापर्यंत ओढली. "पुढच्या वर्षी आठ पंचावन्नला लावत जा. पाच मिनिटं जहाजाला सोड."

पुढच्या फेरीचा सामना त्यानंतरच्या रविवारी होता. आदल्या सकाळी, शनिवारच्या सभेसाठी, कांगास घरून लवकरच निघाला. वाळूच्या पट्टीवर लख्ख ऊन पडलं होतं. तो पुलापाशी पोचला, घंटा वाजली, फाटक पडलं आणि पूल डोळ्यांदेखत वर गेला. मोसमातलं शेवटचं जहाज लोहखनिज घेऊन निघालं होतं. कांगासने इंजिन बंद केलं. आणि मग त्याचा हात आपोआप गळ्याकडे गेला. चावी तिथेच होती.

फोन वाजला.

"कुठे आहेस?" कोचने विचारलं.

"पुलाशी."

पलीकडे वारा ऐकू येत होता. बुटांखाली बर्फ करकरत होता, पुष्कळ बुटांखाली.

"दार कालपासून लागलेलंच आहे ना?" कोच म्हणाला.

"हो, कोच."

"आम्ही सगळे बाहेर आहोत."

"हो."

"नियमाप्रमाणे उद्या पहिल्या क्वार्टरला मैदानात कोणीच नाही."

कांगासने विचार करून पाहिला. न्यायाधीशही बाहेर होता. खटला कोणापुढे चालवायचा, हाच प्रश्न होता.

"महाराज, बटाट्याच्या सॅलडवाल्याला माफी द्या, तोही बाहेर आहे!" मागून कोणीतरी ओरडलं.

"जहाज केवढं आहे?" कोचने विचारलं.

कांगासने काच खाली केली. जहाजाचं नाक केव्हाच पुढे निघून गेलं होतं आणि शेपूट अजून दिसत नव्हतं. कठड्याशी उभ्या खलाशाने त्याला हात केला.

"मोठं आहे, कोच."

"मग सावकाश ये," स्टुबी म्हणाला.

जहाजाने भोंगा दिला. एक लांब, दोन आखूड. क्षणभराने तोच भोंगा फोनमधूनही आला, आणि त्याच्या मागोमाग, गोठलेल्या दाराबाहेरून, सगळ्या संघाचा जल्लोष.