मणके आणि मोळी

मोनिकाची पाठ जन्मतःच वाकडी होती. धड आखूड, एका बाजूच्या बरगड्या एकमेकींना चिकटलेल्या, आणि मान खांद्यांत रुतल्यासारखी. हा दोष आपल्या सासूमुळे उद्भवला, असा तिच्या आईचा, सुकन्याचा, ठाम समज होता.

ती गरोदर असताना ऊसतोडीच्या फडात सासूने, म्हणजे गोजरबाईने, तिच्या डोक्यावर मोळ्या देणे थांबवले नव्हते. ट्रकला एक अरुंद लाकडी फळी लावलेली असते. उसाची मोळी डोक्यावर तोलून त्या फळीवरून वर चढावे लागते. "आमच्या घरातल्या बाया कळा येईस्तोवर फळीवर चढत्यात," असे गोजरबाई अभिमानाने सांगत असे. सुकन्या सातव्या महिन्यापर्यंत चढली.

मोनिका जन्मली तेव्हा सुकन्या ऊसतोड मजुरांच्या साऱ्या टोळीदेखत सासूला म्हणाली, "माझ्या लेकराचा कणा तुमी मोडला." पुढे सुकन्या आणि तिचा नवरा अजिनाथ पाथर्डीकडच्या आपल्या गावातच वेगळे राहू लागले. अजिनाथ टेम्पो चालवू लागला. नातीला आजीच्या हाती कधी दिले गेले नाही, आणि आजीनेही कधी मागितले नाही. अशी सहा वर्षे लोटली.

यंदा मोनिकाला धाप लागू लागली, म्हणून तिला नगरच्या इस्पितळात नेले. तेथील डॉक्टर मेहरीन यांनी मोनिका, सुकन्या आणि अजिनाथ अशा तिघांचेही रक्त तपासले आणि काही आठवड्यांनी त्यांना पुन्हा बोलावून घेतले.

"मूल पोटात तीन-चार आठवड्यांचं असतं, तेव्हाच मणक्यांची आखणी सुरू होते," डॉक्टर म्हणाल्या. "दिवस गेलेत हे तेव्हा आईला बहुधा कळलेलंही नसतं."

त्यांनी जे समजावले त्याचा सारांश असा. आरंभी गर्भाच्या पाठीत पेशींचे अखंड पट्टे असतात. पेशीच्या पृष्ठभागावर ग्राही नावाची प्रथिने असतात. शेजारची पेशी त्या ग्राहीला स्पर्श करते आणि संकेत आत पोहोचतो. हा संकेत ठरावीक तालाने उमटतो आणि विरतो, आणि शेजारशेजारच्या पेशी एकमेकींचा ताल सांभाळतात. प्रत्येक तालासरशी पट्ट्याचा एक तुकडा वेगळा होतो. उसाला जशी पेरे पडावीत तसे हे तुकडे पडत जातात, आणि त्यांतूनच पुढे मणके व बरगड्या घडतात. मोनिकाच्या शरीरात या ग्राहींवर नियंत्रण ठेवणारे एक प्रथिन सदोष होते. ताल बिघडला, तुकड्यांच्या सीमा पुसट राहिल्या आणि मणके वेडेवाकडे जुळले.

"मंजी मोळीनं न्हाई झालं?" सुकन्याने विचारले.

"नाही. मोळीनं तुम्हाला दुसरा धोका होताच, पण हे त्यानं झालेलं नाही. एक सदोष जनुक तुमच्याकडून आलं, एक यांच्याकडून. यात कुणाचाच अपराध नाही."

बाहेर टेम्पोपाशी आल्यावर अजिनाथने चावी काढली.

"सहा वर्सं आईच्या दारात गेलो न्हाई आपण."

"तुमी तरी कवा म्हनला का, चल म्हनून?"

"तू म्हनू दिलंस व्हय?"

गावात शिरल्यावर सुकन्याने टेम्पो सासूच्या दारासमोर थांबवायला लावला.

तिचे सासरे ओट्यावर बसले होते. "वाट चुकली का काय, सूनबाई?" ते म्हणाले आणि हळूच उठून आत गेले. ओट्याच्या दुसऱ्या टोकाला गोजरबाई जुन्या लुगड्यांची वाकळ पसरून तिच्यावर बसली होती. सुकन्याने मोनिकाला शेजारी उभे केले आणि डॉक्टरांचे सारे म्हणणे, जमेल तसे, सांगितले.

"माझं चुकलं, आत्या. मी तुमाला नगं ते बोलले."

गोजरबाईने हात पदराखाली घेतले.

"कणा मी मोडला न्हाई, बरं झालं," ती म्हणाली. "पर तुला सातव्या म्हैन्यात फळीवर कुनी चढवलं? डाक्टरीनबाईनं?"

"जाऊ द्या आता."

"तू म्हनली हुतीस, 'आत्या, आज नगं, पाय कापत्यात.' मी म्हनलं, 'नाटकं करू नगस.' ते कुठल्या तपासणीत निघनार?"

सुकन्याला फडातली ती सकाळ आठवली. क्षमा मागण्यासाठी ती आली होती. आता क्षमा कोणी कोणाची मागावी, हेच तिला उमगेना. काहीतरी करावे म्हणून तिने मोनिकाला उचलले आणि पुढे केले.

"घ्या तिला."

गोजरबाईने हात पदराखालून काढले नाहीत. "तिची पाठ कुठून धरायची, मला ठाऊक न्हाई गं. दुखल तिला."

"हितं, काखेखाली एक हात. दुसरा खाली, असा." सुकन्या दाखवू लागली. गोजरबाईची नजर एकेका हाताच्या जागेवर खिळली होती. तिचे ओठ हलत होते, जणू ती पाठ करीत होती. शेवटी तिने एक हात पुढे केला.

"मला खाली ठिव," मोनिका म्हणाली. "मी काय बाळ हाय का आता?"

सुकन्याने तिला खाली ठेवले. पुढे आलेला हात गोजरबाईने वाकळेवर टेकवला, आणि वाकळ नीट करीत असल्यासारखे दाखवून ती मोनिकापुरती जागा सोडून थोडी बाजूला सरकली. मोनिका वाकळेच्या काठावर, जरा अंतर राखून बसली.