दादाची सही

कंपनीचे सर्व्हर चिमी सांभाळायची आणि तिला पॅकेज मॅनेजर या प्रोग्रॅमचं भारी कौतुक. ओपन सोर्स सॉफ्टवेअर बसवायचं तर एक कमांड द्यायची. पॅकेज आणणं, बनवणाऱ्याची डिजिटल सही तपासणं, जागच्या जागी बसवणं, सगळं तो बिनबोभाट उरकायचा. सही जुळली नाही, तर मात्र अडून बसायचा.

त्या दुपारी अडला, तोही घरच्याच माणसापाशी. औषधांच्या ऑर्डरी सांभाळणारं ते सॉफ्टवेअर तिच्या सख्ख्या भावाने लिहिलेलं. नाक मुरडणाऱ्या साहेबांशी भांडून तिनेच ते कंपनीत आणलं होतं. आणि आता नव्या आवृत्तीवरची सही म्हणे अनोळखी!

तिने फोन लावला. "दादा, सही बदललीस का रे?"

"हो, बदलली. माझीच आहे. टाक बिनधास्त."

"नक्की ना? माझ्या नोकरीचा प्रश्न आहे."

"चिमे, माझ्यावर विश्वास नाही का तुझा?"

झालं! यापुढे बहिणीचं काय चालणार? तपासणी बंद करून तिने पॅकेज सगळ्या सर्व्हरवर बसवलं. दुसऱ्या कोणाचं असतं, तर या बयेने हातसुद्धा लावला नसता.

आठवडाभरात ग्राहकांची नावं, पत्ते, आजार परक्यांच्या हाती गेले. ती तडक दादाच्या घरी धडकली. तो ओट्याशी भांडी पुसत होता.

"कंटाळलो होतो गं," तो मान वर न करता म्हणाला. "ऑनलाइन एक जण मदत करायचा, गोड बोलायचा. सॉफ्टवेअरचा सगळा ताबा त्यालाच देऊन टाकला."

"मग 'माझीच' का म्हणालास?"

"तू सगळीकडे माझं कौतुक करत फिरतेस. तुला कुठल्या तोंडाने सांगू?"

"त्या चोराला मशीनने पकडलं होतं, दादा. आत मी घेतलं त्याला, तुझ्या शब्दावर."

दादा तेच ताट पुन्हा पुसत राहिला. केसाने गळा कापला होता त्याने, आणि तिला साधं ओरडताही येईना.

दुसऱ्या दिवशी साहेबांनी विचारलं, "तपासणी कोणी बंद केली?"

"मी."

"कोणाच्या सांगण्यावरून?"

"कोणाच्याच नाही." काही झालं तरी भाऊ होता.

तेवढ्यात मोबाईल वाजला. दादाचा मेसेज. नोकरी राहिली का, तू कशी आहेस, यातलं एक अक्षर नाही. 'माझं नाव घेतलं नाहीस ना?' एवढंच.

तिने तो पुन्हा वाचला, आणि मोबाईल साहेबांपुढे सरकवला.