टोलीतर्फे एक हरकत

टोली म्हणजे हायवेलगतची एक छोटी वस्ती. तिथली शाळा बंद करून पोरांना हायवेपलीकडच्या मोठ्या शाळेत घालायचं, असं वर कुठंतरी ठरत होतं. पण सरकार आता न विचारता काही करत नाही बरं का! ज्यांची पोरं त्या शाळेत, त्या सगळ्यांच्या मोबाईलवर लिंक आली. हरकत असेल तर नोंदवा म्हणे.

टोली समाजमंदिरात जमली. अशा वेळी काय करायचं ते तिथं कुणाला शिकवावं लागत नाही. आधी मनसोक्त भांडायचं, मग एकमत करायचं, आणि मग एकानंच जाऊन बोलायचं. साहेब आला तरी तसंच, सोयरीक मोडली तरी तसंच. नेमलेल्या माणसामागून दुसऱ्यानं तोंड उघडलं तर तो त्याचा अपमान. या खेपेला म्हातारे उदाराम म्हणाले, "अन्नपूर्णा बारावी शिकली हाय. तिची पोरगीबी तिथंच जाते. तीच लिहील टोलीतर्फे."

अन्नपूर्णेला काय आनंद झाला म्हणता! दुपारभर बसून तिनं लिहिलं. हायवे किती रुंद, ट्रक कसे सुसाट जातात, तिची रुचि तिसरीत, तिच्याहूनही लहान पोरं आहेत. खाली 'सर्व पालकांतर्फे' असं घातलं आणि बटण दाबलं.

दुसऱ्या दिवशी शेजारची रंजिता मोबाईल घेऊन आली. "मीबी भरून रायली होती वं. कुठं दाबू?"

"कायले? मी टाकली ना सगळ्यायची. माह्यावर भरोसा नाही का तुले?"

रंजिता ओशाळली. "तसं नाही वं बाई," म्हणाली आणि मोबाईल पदराआड करून गेली. एवढं मोठं सरकार, पण ज्यानं त्यानं आपापली भरा, एवढं एका ओळीत लिहायला त्याचं काय जात होतं?

उन्हाळ्याच्या सुट्टीत निकाल आला. समाजमंदिरात तो अन्नपूर्णेनंच वाचून दाखवला. 'प्राप्त हरकती: एक. पालकांचा विशेष विरोध दिसून येत नाही. सबब शाळा बंद करण्यात येत आहे.'

"एक कशी?" उदाराम म्हणाले. "आपण तं सगळे होतो."

"ते मोबाईल मोजतात जी," ती म्हणाली. "ज्याचा त्याचा येगळा."

कुणी चिडलं नाही. दोन शिव्या घातल्या असत्या तर तिला बरं वाटलं असतं. रंजिता चटईकडे बघत बसली होती. अन्नपूर्णेला वाटलं, आता रडू येईल, तर तेही आलं नाही. घरी जाऊन तिनं भात टाकला, रुचिला वाढला, आणि आपण जेवलो की नाही हे तिला आठवेना. आत काहीतरी बधिर झालं होतं, ते सुट्टीभर तसंच राहिलं.

शाळा उघडली त्या सकाळी सगळ्या आया पोरांना घेऊन हायवेच्या कडेला उभ्या राहिल्या. नागपूरकडून ट्रक, रायपूरकडूनही ट्रक. रुचिनं तिचा हात घट्ट धरला होता, पण अन्नपूर्णेला तो जाणवतच नव्हता. ट्रक जरा विरळ झाले. तरी कुणी पाय उचलेना. तिनं वळून बघितलं, तर सगळ्या तिच्याकडेच बघत होत्या.

"सांग न वं अन्नपूर्णा," रंजिता म्हणाली. तिच्या आवाजात राग नव्हता, पहिल्यासारखा भरोसाच होता. "तू म्हणशीन तवाच निघू."